इंटरनेटचे पोटभाडेकरू

मुंबईत भाड्याच्या खोलीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना पोटभाडेकरू म्हणजे कोण, हे समजावून द्यावे लागत नाही. पण पाहुणा कोठे संपतो आणि पोटभाडेकरू कोठे सुरू होतो, हे मात्र त्यांनाही नेमके सांगता येईलच असे नाही. कोकणातून शिकावयास आलेला भाचा मामाच्या घरी राहिला तर तो पाहुणा. तोच भाचा गिरणीत लागला आणि महिन्याकाठी काही रुपये मामीच्या हाती ठेवू लागला, की घरमालकाच्या मनात शंका येते. पुढे भाच्याने आपल्या शेजारी एका मित्राची वळकटी आणून टाकली आणि त्याच्याकडून भाडे घेतले, म्हणजे मालक वकिलाकडे जातो. खोली तीच, भिंती त्याच. माणसांचे परस्परांशी असलेले नाते तेवढे पालटलेले असते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई केली. तथापि १९५९ साली, तोवर ठाण मांडून बसलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण देणे शासनालाच भाग पडले.

अगदी याच जातीचा वाद १९९० नंतरच्या पाच-सात वर्षांत अमेरिकेत उपस्थित झाला. तो खोलीविषयी नव्हता, तारेविषयी होता. इंटरनेटची जोडणी एकाने विकत घ्यावयाची आणि तिच्यातून दुसऱ्याला वाट करून द्यावयाची, याला पुनर्विक्री केव्हा म्हणावे? हा प्रश्न वकिली काथ्याकूट वाटतो. परंतु लहान गावात, एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत, फळीवर मोडेमांची रांग मांडून धंदा करू पाहणाऱ्या माणसाचे भवितव्य या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून होते; आणि त्या गावातील लोकांना इंटरनेट केव्हा व कोणत्या दराने मिळणार, हेही.

मुळात इंटरनेट ही जाळ्यांना जोडून झालेली रचना आहे. तिला एक मालक नाही, एक कचेरी नाही. नव्याने येणाऱ्याने, जो आधीच आत आहे अशा कोणाकडून तरी वाट मिळवावयाची, हा तिच्या वाढीचा एकच मार्ग. आपल्याकडे आलेले पाकीट आपले नसेल तर ते पुढच्याकडे सरकवणे हे तिच्यातील प्रत्येक मार्गदर्शक यंत्राचे कर्तव्यच असते. अशा रचनेत ‘मिळालेली जोडणी पुढे देऊ नका’ अशी अट घालणे म्हणजे नदीला ओढ्याचे पाणी घेण्यास बंदी करण्यासारखे आहे. मग ही अट आली कोठून?

तिचे पहिले मूळ सरकारी पैशात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८६ च्या सुमारास देशभरच्या विद्यापीठांना जोडणारे जाळे उभारले. एनएसएफनेट या नावाने ते ओळखले जाई. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या या जाळ्याचा उपयोग संशोधन व शिक्षण यांसाठीच व्हावा, असा त्याचा वापर-नियम होता. व्यापारी नफ्यासाठी केलेला वापर त्यात बसत नव्हता. त्या काळात विक्रीच नसल्यामुळे पुनर्विक्रीचा प्रश्नही नव्हता. ‘कशासाठी’ एवढेच विचारले जाई. ‘केवढ्याला’ असे कोणी विचारीत नसे.

१९९० च्या आगेमागे हे चित्र बदलले. व्हर्जिनिया राज्यातील यूयूनेट, न्यूयॉर्कमधील विद्यापीठांच्या जाळ्यातून निघालेली पीएसआय आणि कॅलिफोर्नियातील सर्फनेट हे पुरवठादार पैसे घेऊन जोडणी देऊ लागले. (यांपैकी यूयूनेटशी मुंबईचा जुना संबंध आहे. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून भारताच्या एर्नेट या शैक्षणिक जाळ्याची जी तार १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस परदेशी गेली, ती याच यूयूनेटकडे. सेकंदाला ९,६०० बिट एवढीच तिची शक्ती होती.) या तिघांनी १९९१ साली आपसांत एक विनिमयकेंद्र स्थापले. कमर्शियल इंटरनेट एक्स्चेंज हे त्याचे नाव. संक्षेपाने त्याला सिक्स म्हणत. तेथे सरकारी अट नव्हती. सभासदाने ठरावीक वर्गणी भरावी, एकमेकांच्या ग्राहकांची पाकिटे एकमेकांनी घ्यावीत आणि कोणी कोणाकडे पाकिटांचा हिशेब मागू नये, असा साधा करार होता. कॅलिफोर्नियात बसवलेल्या एका राउटरवर हा सारा व्यवहार चाले. व्यापारी इंटरनेटच्या जन्मपत्रिकेत या राउटरचे स्थान फार मोठे आहे.

पुनर्विक्री या शब्दाची व्याख्या अमेरिकेला तेव्हा नवी नव्हती. दूरध्वनीच्या जगात तो वाद आधीच होऊन गेला होता. भाड्याने घेतलेली तार पुढे कोणास वापरू देऊ नये, अशी अट तेथील दूरध्वनी कंपन्या आपल्या दरपत्रकात घालीत. १९७६ साली संघराज्याच्या दळणवळण आयोगाने भाड्याच्या खाजगी तारांपुरत्या या अटी बेकायदा ठरवल्या. ते करताना आयोगाने दोन गोष्टींत फरक केला. एखाद्याने सेवा विकत घेऊन ती नफ्यासाठी पुन्हा सर्वसामान्य जनतेपुढे मांडणे ही पुनर्विक्री. मग त्या सेवेत त्याने स्वतःची काही भर घातलेली असो वा नसो. अनेकांनी मिळून एक सेवा घेऊन तिचा खर्च नफ्याविना आपसांत वाटून घेणे हा केवळ सामायिक वापर. मामीच्या हाती ठेवलेले भाच्याचे रुपये आणि मित्राकडून घेतलेले खाटेचे भाडे यांत जो भेद आहे, तोच हा. १९८० मध्ये सामान्य दूरध्वनी सेवेच्या बाबतीतही असेच धोरण आले.

गंमत अशी की, हे संरक्षण इंटरनेटला लागू पडले नाही. संगणकाच्या साहाय्याने दिलेली सेवा ही साध्या वाहतुकीहून निराळी, म्हणून तिच्यावर नियंत्रण नको, असे त्याच आयोगाने १९८० साली ठरवले होते. नियंत्रण नाही म्हणजे दरपत्रक नाही, आणि दरपत्रक नाही म्हणजे करारात वाटेल ती अट घालावयास मोकळीक. परिणामी दूरध्वनी कंपनीला आपल्या तारेची पुनर्विक्री रोखता येत नव्हती. पण त्याच तारेतून वाहणाऱ्या इंटरनेटची पुनर्विक्री इंटरनेटचा पुरवठादार रोखू शकत होता.

आता प्रत्यक्ष धंदा पाहू. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे १९८९ च्या नोव्हेंबरात ‘द वर्ल्ड’ नावाची सेवा सुरू झाली. घरच्या दूरध्वनीवरून मोडेमने क्रमांक फिरवावा, पलीकडच्या एका मोठ्या संगणकात आपले खाते उघडावे आणि त्या संगणकात बसून पत्रव्यवहार करावा, अशी ही सोय. पुढे तिच्यातून इंटरनेटवरही जाता येऊ लागले. पैसे भरील त्याला प्रवेश, मग तो प्राध्यापक असो की किराणा दुकानदार. सर्वसामान्य माणसाला असा प्रवेश देणे बऱ्याच जणांना नियमबाह्य वाटले, आणि काही विद्यापीठांच्या व सरकारी जाळ्यांनी या सेवेचा मार्ग अडवण्याचाही प्रयत्न केला. पुढे प्रयोगादाखल म्हणून तिला मुभा मिळाली.

द वर्ल्डचे वर्गणीदार इंटरनेटवर होते काय? तांत्रिक दृष्ट्या नव्हते. इंटरनेटला दिसत होते ते एक यंत्र आणि त्याचा एक पत्ता. शेकडो माणसे त्या यंत्राच्या पोटात बसून काम करीत; जणू एकाच पोस्टपेटीवर साऱ्या वाडीची पत्रे येत. अशा खात्याला शेल खाते म्हणत. त्यात अक्षरे दिसत, चित्रे दिसत नसत. अशी खाती विकणारा म्हणू शकत असे, ‘मी इंटरनेट विकत नाही, माझ्या यंत्राचा वेळ विकतो. यंत्र माझे, जोडणी माझी, वापरही माझाच.’ पुष्कळ पुरवठादारांनी हा युक्तिवाद डोळ्यांआड केला, कारण अशा खात्यांमुळे तारेवर पडणारा भार अगदी थोडा होता.

मग स्लिप आणि पीपीपी या नावांच्या पद्धती आल्या. त्यांच्या योगाने घरच्या संगणकालाच, दूरध्वनी चालू असेतोवर, स्वतःचा इंटरनेट-पत्ता मिळू लागला. आता घरच्या पडद्यावर चित्रे उमटली. वर्गणीदार दुसऱ्याच्या यंत्रात बसलेला पाहुणा राहिला नाही. तो स्वतः जाळ्यावर आला. याला पुनर्विक्री म्हणावे असे अनेकांना वाटू लागले. याहून पुढची पायरी म्हणजे एखाद्या पेढीला किंवा शाळेला कायमची तार देऊन तिचे सबंध जाळेच आपल्यामार्फत इंटरनेटला जोडणे. येथे पाकिटांचे मार्ग जगभरच्या राउटरांना कळवावे लागत, आणि म्हणून ही पोटजोडणी लपून राहत नसे. पुरवठादारांच्या मते ही तर निर्विवाद पुनर्विक्री.

तात्पर्याने पाहिले तर माणसे मोजावयाची, पत्ते मोजावयाचे की जाळी मोजावयाची, एवढाच प्रश्न उरतो, असे कोणास वाटेल. परंतु तंत्रज्ञानाने ही मोजदादही टिकू दिली नाही. १९९४ साली ‘द इंटरनेट अ‍ॅडॉप्टर’ नावाची एक आज्ञावली विक्रीस आली. शेल खात्यात ती चालवली की, स्वस्त खाते महागड्या खात्यासारखे वागू लागे. घरी चित्रे दिसत आणि बाहेरच्या जगाला मात्र तो जुना एकच पत्ता दिसे. त्याच वर्षी पत्ते बदलून देण्याची एक सर्वसाधारण पद्धतही प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे सबंध कचेरीतील संगणक एकाच पत्त्यामागे दडू शकतात. आज घरोघरी जी बिनतारी पेटी भिंतीवर लुकलुकत असते, ती हेच काम करते. ‘एका जोडणीस एक संगणक’ अशी अट करारात लिहिलेली राहिली. पण ती मोडली की पाळली हे बाहेरून ओळखण्याचा खात्रीचा मार्ग उरला नाही.

पुरवठादारांच्या हट्टामागे केवळ लोभ होता असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांचे गणित समजून घेणे अवश्य आहे. टी-१ नावाची भाड्याची तार सेकंदाला १५,४४,००० बिट वाहते. १९९३-९४ मधील सामान्य मोडेम सेकंदाला १४,४०० बिट वाहत असे. सरळ भागाकार केला तर एका टी-१ तारेवर एकशे सात मोडेम एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतील. पण माणूस इंटरनेटवर असतो तेव्हा बहुतेक वेळ वाचीत असतो, विचार करीत असतो किंवा चहा आणावयास गेलेला असतो. तेवढा वेळ तार रिकामी. त्यातून सगळे वर्गणीदार एकाच वेळी येत नाहीत. एका मोडेममागे दहा वर्गणीदार धरणे त्या धंद्यात सामान्य समजले जाई. म्हणजे शंभर मोडेमांच्या जोरावर हजार वर्गणीदार. प्रत्येकाकडून महिना वीस डॉलर येतात असे उदाहरणादाखल धरले तर जमा होते वीस हजारांची. आणि तारेचे भाडे तिच्या मानाने पुष्कळ कमी. लोकांच्या मौनाच्या क्षणांवर हा नफा उभा होता.

पण तारेचा दर ठरवणाऱ्या मोठ्या पुरवठादारानेही हेच मौन आधीच हिशेबात घेतलेले असे. एखाद्या कारखान्याने टी-१ घेतली, तर ती दिवसातून काही तास अर्धी वापरली जाईल, रात्री ओस पडेल, या अंदाजावर त्याने सपाट दर ठरवलेला. तीच तार पोटविक्रेत्याने घेतली की, ती सकाळी कचेऱ्यांनी, संध्याकाळी विद्यार्थ्यांनी आणि मध्यरात्री जागरणकरांनी भरून जाई. भाडे एका कुटुंबाचे आणि नळावर झुंबड सगळ्या चाळीची. म्हणून काही पुरवठादारांनी एकाच तारेला दोन दर लावले: स्वतः वापरणाऱ्यास एक आणि पुढे विकणाऱ्यास त्याहून चढा. पुनर्विक्रीची व्याख्या येथे दरपत्रकाचा भाग झाली. तारेवर किती पाकिटे जातात हे मोजून त्याप्रमाणे पैसे घेतले असते तर ग्राहक कोण आहे हे विचारण्याची गरजच उरली नसती. परंतु सपाट दर हे त्या काळी इंटरनेटचे मोठे आकर्षण होते, आणि ते सोडण्यास ग्राहक आणि विक्रेता दोघेही नाखूश होते. ग्राहकाच्या हेतूची चौकशी करणे हा मीटर बसवण्याला शोधलेला पर्याय होता, असे म्हणावयास हरकत नाही.

ही चौकशी कोठवर जावी? विद्यापीठाने शिकून बाहेर पडलेल्यांची खाती वर्गणी घेऊन चालू ठेवली तर ती पुनर्विक्री काय? इमारतीच्या मालकाने भाडेकरूंना जोडणी दिली आणि भाड्यात ती धरली तर? एका कंपनीने आपल्याच मालकीच्या दुसऱ्या कंपनीस वाट दिली तर? ग्रंथालयाने वाचकांकडून तासाला काही नाणी घेतली तर? १९७६ ची कसोटी, म्हणजे नफा आणि सर्वसामान्य जनता, या बहुतेक उदाहरणांत समाधानकारक उत्तर देते. करारातील कलमे मात्र पुष्कळदा त्याहून कडक असत. नफा असो वा नसो, ‘तिसऱ्या पक्षास’ वापर नको, असा त्यांचा सूर.

याला उलट उत्तर देणारा एक लहानसा उद्योग सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात उभा राहिला. काही संगणक-मंडळींनी एक तार मिळून घेतली. ‘लिटल गार्डन’ हे त्यांच्या जाळ्याचे नाव. पालो आल्टो येथील ज्या चिनी खाणावळीत ते जमत तिच्यावरून पडलेले. म्हणजे आयोगाच्या भाषेत हा निव्वळ सामायिक वापर. १९८४ मध्ये फिडोनेट हे घरगुती संगणकांचे जाळे निर्माण करणारे टॉम जेनिंग्ज यांनी पुढे त्याचा कारभार वाहिला आणि भागीदारीतून रीतसर धंदा झाला. या धंद्याचे वैशिष्ट्य असे की, घेतलेली जोडणी पुढे विकण्यास ग्राहकाला खुली परवानगी होती. इतर ठिकाणी ज्यांना दार बंद होते असे अनेक लहान पुरवठादार येथून वाढले. सामायिक वापर आणि पुनर्विक्री यांच्यामध्ये आयोगाने आखलेली रेघ या एका संस्थेने आपल्या आयुष्यात चालत ओलांडली.

व्याख्येवरून खरा खडाजंगीचा प्रसंग आला तो १९९४ साली, आणि तोही सिक्सच्या दारात. तीन सभासदांचे हे केंद्र तोवर बरेच मोठे झाले होते. जो पुरवठादार स्वतः सभासद नाही, पण दुसऱ्या सभासदाकडून तार घेऊन ती पुढे विकतो, त्याची पाकिटे या केंद्रातून फुकट जातात, अशी तक्रार होऊ लागली. अशा पुनर्विक्रेत्यांनी वर्गणी भरून सभासद व्हावे, न झाल्यास त्यांच्या जाळ्यांचे मार्ग गाळून टाकले जातील, असे केंद्राने जाहीर केले. मोठ्या कंपनीस ती काही हजार डॉलरांची वार्षिक वर्गणी किरकोळ होती. दोनशे वर्गणीदारांच्या धंद्याला ती कंबरडे मोडणारी होती. ज्या संस्थेचा जन्म सरकारी निर्बंधाला उत्तर म्हणून झाला, तीच आता कोणाची पाकिटे घ्यावयाची आणि कोणाची नाही हे ठरवू लागली, हे पाहून पुष्कळांना विषाद वाटला.

लहानांचे म्हणणे सरळ होते. ‘आम्ही आमच्या पुरवठादारास पैसे देतो, तो सभासद आहे, त्याच्या वर्गणीत आमची पाकिटे आली.’ केंद्राचे म्हणणेही पोकळ नव्हते. सर्वांनीच एका सभासदाच्या आडून यावयाचे ठरवले, तर वर्गणी भरणार कोण? परंतु काळाने हा वाद निराळ्याच रीतीने मिटवला. पूर्व किनाऱ्यावर वॉशिंग्टनजवळ एक मोठे विनिमयकेंद्र १९९२ पासूनच चालू होते. ३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटचा सरकारी कणा बंद झाला आणि त्याच्या जागी शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्कचा परिसर आणि वॉशिंग्टन अशी चार प्रवेशकेंद्रे आली. पाकिटांना अनेक वाटा मिळाल्यावर एका दारावरच्या पहाऱ्याला अर्थ राहिला नाही.

मात्र त्याच सुमारास पोटभाडेकरूच्या पायात एक निराळी बेडी पडली, आणि तिची चर्चा मानाने कमी झाली. १९९३ पर्यंत ज्याला पत्त्यांचा गट मिळे तो त्याचा स्वतःचा असे. परंतु जगातल्या प्रत्येक लहान जाळ्याचा मार्ग प्रत्येक राउटरला पाठ करावा लागल्याने राउटरांची स्मृती अपुरी पडू लागली. म्हणून त्या वर्षी अशी पद्धत आली की, मोठ्या पुरवठादाराने पत्त्यांचा मोठा गट घ्यावा आणि त्यातील तुकडे खालच्यांना द्यावेत. उपाय योग्यच होता. त्यावाचून इंटरनेट वाढले नसते. पण त्यामुळे पोटविक्रेत्याच्या ग्राहकांचे पत्ते वरच्या मालकाचे झाले. मालक बदलावयाचा तर सर्व ग्राहकांच्या यंत्रांवरील पत्ते बदलावयाचे. बिऱ्हाड हलवताना नावसुद्धा मागे ठेवून जावे लागते, अशी ही अवस्था.

विक्रीबरोबर जबाबदारीही खाली उतरते, की वरच राहते? १९९४ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅरिझोना राज्यातील दोन वकिलांनी आपली जाहिरात हजारो चर्चागटांत एकदम टाकली. चिडलेल्या लोकांच्या पत्रांचा लोंढा त्यांच्या पुरवठादाराच्या यंत्रावर कोसळला, आणि त्याने त्यांचे खाते बंद केले. एका ग्राहकाच्या कृत्याचा भार सर्व शेजाऱ्यांनी सोसला. याहून महत्त्वाचा निकाल कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये दिला. एका माणसाने एका धार्मिक संस्थेचे लेखन परवानगीवाचून प्रसृत केले. तो सुमारे पाचशे वर्गणीदार असलेल्या एका लहान संदेशफलकाचा ग्राहक होता. संदेशफलकाचा चालक नेटकॉम या मोठ्या पुरवठादाराचा ग्राहक होता. संस्थेने तिघांवरही दावा लावला. यंत्राने आपोआप केलेल्या नकलेबद्दल वरचे दोघे थेट उल्लंघन करणारे ठरत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. परंतु उल्लंघन होत आहे हे कळल्यावर, थांबवणे शक्य असूनही, ते स्वस्थ बसले काय, हा प्रश्न मात्र नेटकॉमपुरता उघडा ठेवला. ग्राहकाच्या ग्राहकाविषयी वरच्या पुरवठादाराला किती माहीत असावे, या प्रश्नाला पुनर्विक्रीच्या साखळीमुळेच एवढी धार आली.

भारतात हाच प्रश्न उलट्या दिशेने आला. येथे आधी कायदा होता आणि नंतर इंटरनेट. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या चौथ्या कलमान्वये तारायंत्रे उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा. इतरांना परवाना हवा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी तेव्हाच्या सरकारी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा दुसरा विक्रेता नव्हताच. दर ग्राहकाच्या जातीप्रमाणे निराळे होते: व्यक्तीस कमी, व्यापारी संस्थेस अधिक, आणि विद्यार्थ्यांसाठी केवळ अक्षरे दाखवणारे स्वस्त शेल खाते. द वर्ल्डचे खाते आणि हे खाते एकाच कुळातील.

१९९८ च्या नोव्हेंबरात नवे धोरण आले आणि खाजगी पुरवठादारांना परवाने मिळू लागले. परवान्यांचे तीन वर्ग होते: सबंध देशासाठी एक, एका दूरसंचार मंडळासाठी दुसरा आणि लहान क्षेत्रासाठी तिसरा. परवाना-शुल्क प्रारंभी माफ. यामुळे एखाद्या जिल्ह्यापुरता पुरवठादार होणे कायद्याने शक्य झाले. पण गल्लीबोळांतून जे खरोखर पसरले ते निराळेच होते. एस.टी.डी.च्या पिवळ्या पाटीखाली ‘सायबर कॅफे’ अशी दुसरी पाटी लागली. चालक एक जोडणी घेई, चार-सहा संगणक मांडी, आणि तासाच्या हिशेबाने पैसे घेई. १९७६ च्या व्याख्येने पाहू गेल्यास ही शुद्ध पुनर्विक्री: सेवा विकत घेतली, नफ्यासाठी जनतेपुढे मांडली. तरीही आपल्या कायद्याने या माणसाकडे पोटविक्रेता म्हणून पाहिले नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली सायबर कॅफेची व्याख्या आली ती, धंद्याच्या ओघात जनतेला इंटरनेट उपलब्ध करून देणारी जागा, अशी. आणि २०११ च्या नियमांनी त्याच्यावर ओळखपत्रे पाहण्याचे आणि नोंदवही ठेवण्याचे काम सोपवले. विक्रेता न मानता त्याला दरवान मानले, असेच म्हणावे लागेल.

त्या कॅफेंची संख्या पुढे मोबाइलमुळे रोडावली. परंतु पुनर्विक्रेता निराळ्या नावाने परत आला. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी या योजनेस मान्यता दिली. चहाची टपरी, किराणा दुकान, केशकर्तनालय अशा कोणासही एक बिनतारी पेटी लावून ये-जा करणाऱ्यांना इंटरनेट विकता यावे, त्यासाठी परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको, अशी ही योजना आहे. अशा दुकानाला पब्लिक डेटा ऑफिस हे नाव मिळाले. जुन्या पब्लिक कॉल ऑफिसची आठवण ठेवणारे. शंभराहून अधिक वर्षे ज्या गोष्टीला परवाना लागत असे, ती दुकानदाराच्या पातळीवर मोकळी झाली.

आणि लगेच जुना वाद जागा झाला. दुकानदाराने घरगुती दराची जोडणी घ्यावी, की व्यापारी दराची महागडी भाड्याची तार? घरगुती दर एका कुटुंबाच्या वापरावर बेतलेला, तो जनतेला विकण्यासाठी नाही, असे पुरवठादार म्हणत. तर महाग तार घेऊन पाच-दहा रुपयांची विक्री परवडत नाही, असे दुकानदारांच्या बाजूने सांगितले जाई. अखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये आदेश काढला. घरगुती ग्राहकांसाठी असलेल्या, सेकंदाला २०० मेगाबिटपर्यंतच्या तंतुवाहिनीच्या योजना या दुकानदारांनाही द्याव्यात, आणि त्यांच्याकडून त्याच क्षमतेच्या घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट पैसे घ्यावेत. १९९४ साली कॅलिफोर्नियात ज्या आकड्यावर एकमत होत नव्हते, तो आकडा भारतात अशा रीतीने कागदावर आला: पोटभाडेकरूचे भाडे, मूळ भाड्याच्या फार तर दुप्पट.